झिरो बघा

त्या वर्षी मे महिन्यात गोवा रोडच्या पंपावरून पैसे न देता जाणाऱ्या गाड्या फारच वाढल्या. एक तर लग्नसराई, त्यात कोकणात जाणाऱ्यांची रीघ, आणि ऊन असं की मशीनच्या पत्र्याला हात लावला तर चटका बसावा. तीन आठवड्यांत पाच गाड्या गेल्या. एकाने मोबाईलवर पैसे पाठवल्याचं चित्र दाखवलं आणि पैसे कुठेच आले नाहीत. एकाने पाचशेची नोट पुढे धरली आणि भामा सुट्टे घ्यायला वळताच नोटेसकट निघून गेला. एक गाडी तर बायकापोरांनी भरलेली होती. पळताना मागच्या काचेतून पोरांनी भामाला टाटा केला.

"टाटा केला गं मेल्यांनी," असं भामा घरी येऊन सांगायची, आणि रागवायच्या आधी तिला हसूच फुटायचं.

शिरढोण ओलांडून कर्नाळ्याकडे जाताना डाव्या हाताला हा पंप. भामा तिथे सात वर्षं डिझेलच्या मशीनवर होती. साडीवरून निळा शर्ट, डोक्याला ओढणी, पायात पुरुषी बूट. उजव्या हाताच्या अंगठ्याला नोझल दाबून दाबून घट्टा पडला होता आणि कितीही साबण लावला तरी पोळीला डिझेलचा वास येतो म्हणून नवरा कुरकुर करायचा. खायचा मात्र सहा.

मॅनेजर हरेश हा पनवेल शहरातला, इस्त्रीच्या पँटीतला माणूस. त्याने पाटी लावली, 'आधी पैसे, मग इंधन.' खाली बारीक अक्षरांत, 'ओळखीच्यांनी आग्रह करू नये.' तेवढ्यावर त्याचं समाधान होईना, म्हणून पळालेल्या गाड्यांचे कॅमेऱ्यातले फोटो काढून तो ऑफिसच्या काचेवर चिकटवू लागला.

मालक निसीमशेटना हे फोटो आवडायचे नाहीत. निसीम आपटेकर चौऱ्याहत्तरीचे, बेने इस्रायली. त्यांच्या पूर्वजांना कोकणात शनिवार तेली म्हणत, कारण ते घाण्यावर तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत. "आमचं तेल काही सुटलं नाही," असं शेट स्वतःच हसून सांगायचे. मुलगा ओरेन आणि सून कधीच इस्रायलला गेले होते. शेट मात्र रोज पंपावर येऊन बदामाखालच्या वेताच्या खुर्चीत बसत, फक्त शनिवार सोडून. शनिवारी ते येत नसत, पैशाला हात लावत नसत आणि फोनही बंद ठेवत.

पळालेल्या गाडीबद्दल शेटचा एकच हुकूम होता, मागे धावायचं नाही. पूर्वी एक कामगार दाराला लोंबकळून फरफटत गेला होता आणि तो अजून लंगडत चालतो. दुसरं म्हणजे चोर म्हणायचं नाही. 'विसरले' म्हणायचं. गाडीवर दुकानाचं नाव असलं, कुणी ओळखीचा निघाला, की शेट स्वतः फोन करत, "नमस्कार, काल घाईत आपण पैसे द्यायचे विसरलात." यावर निम्मे लोक ओशाळून परत येत. पगारातून ते कुणाचे कापत नसत. पण एका गोष्टीला माफी नव्हती. आपल्या ओळखीच्या माणसाला फुकट भरून दिलं, तर दुसऱ्या दिवसापासून यायचं नाही.

आणि भामाच्या हातून नेमकं तेच झालं.

ते समजायला तिचा नवरा महादेव समजायला हवा. उभं आयुष्य उरणकडच्या मिठागरात गेलेला हा माणूस. तळव्यांच्या भेगांत रुपया मावेल. मिठागर बंद पडल्यावर तो एका फार्महाऊसवर झाडांना पाणी घालायला जाऊ लागला. पंपाची जागा पूर्वी त्याच्या बापाची होती. निसीमशेटच्या वडिलांनी ती रीतसर, चोख पैसे मोजून घेतली, पण कागदावर सही करताना म्हाताऱ्याचे डोळे भरून आले तेव्हा ते म्हणाले होते, "जमीन माझी, पण मान तुझा. दसऱ्याला इथला नारळ तुझ्या घरचाच माणूस फोडेल." तेव्हापासून दर दसऱ्याला आधी म्हातारा आणि त्याच्यामागे महादेव पांढरे कपडे घालून पंपावर जायचा. झेंडूची माळ त्याच्या गळ्यात, नारळ त्याच्या हातात, आणि मालक बाजूला हात जोडून उभे.

गेल्या दसऱ्याला हे दृश्य नेऱ्याच्या काशिरामने जाता जाता गाडीतून पाहिलं. काशिराम म्हणजे जागेला भाव आल्यावर दोन फार्महाऊस विकून मोठा झालेला, आवाजाने त्याहून मोठा, मनाने मात्र साधा गृहस्थ. त्याचा पुतण्या देवेश. बाप नसलेलं पोर काकानेच वाढवलं होतं. पुढे दिवाळीनंतर भामाच्या मुलीसाठी, दिपिकेसाठी, देवेशचं स्थळ आलं, तेव्हा काशिरामने महादेवला पाहताच ओळखलं. "तुमी तर त्यो पंपवाले! पंप तुमचाच काय?"

महादेवने सदरा सारखा केला. मग म्हणाला, "आपलाच समजा."

काशिराम समजला.

लग्न ठरलं, तारीख तेवढी काढायची राहिली, आणि मे महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी बारा वाजता काशिरामची पांढरी, उंच, नवीकोरी गाडी भामाच्या मशीनसमोर येऊन उभी राहिली. काच खाली झाली.

"विहीणबाय! आवो तुमी सोता नळी धरताव?"

भामाने ओढणी सारखी केली. "व्हय, म्हंजे…"

"बघ, याला बोलतात मालक! नोकरासारकी कपडं घालून सोता उनात उभी! आमच्या घरच्या बायका एसी सोडीत नाय. करा टाकी फुल."

पाटी समोरच होती. आधी पैसे. भामाने तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते वेगळंच, सात वर्षांच्या सवयीचं. "झिरो बघा."

मशीनवरचा आकडा शून्यावर आहे हे गिऱ्हाइकाला दाखवायचं आणि मगच नळी सोडायची, हा पंपाचा धर्म. काशिराम मोठ्याने हसला. "व्याह्याकडं झिरो काय बघायचा!"

साडेतीन हजारांचं डिझेल गेलं. भामा मनातल्या मनात वाक्य जुळवत होती. भाऊ, पैसं द्या. नाही, दादा, कार्ड हाय का? नाही. पण ज्या बाईला माणूस मालकीण समजतो, तिने होणाऱ्या व्याह्याकडे हात कसा पसरायचा? आणि पसरला नाही तर? झाकण लावून ती वळली तोवर काशिरामने गाडी सुरू केली होती. "येताव विहीणबाय! उद्या बायकांना घेऊन तारीख काढाया येतोय. जाता जाता पंप दाखवीन त्यांना!" असं म्हणून त्याने खिडकीतून हात बाहेर काढून हलवला, आणि गाडी पनवेलच्या दिशेने गेली.

हरेश आतून धावत आला. "पळाला? हाही पळाला?"

भामाने मान हलवली.

"ओळखीचा होता का?"

"नाय," ती म्हणाली, आणि तो शब्द तोंडातून गेल्याबरोबर तिला घेरी आल्यासारखं झालं. मशीनला धरून ती उभी राहिली. हरेशला वाटलं, ऊन लागलं. त्याने तिला सावलीत बसवलं, स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं, आणि अर्ध्या तासाने फोटो छापून काचेवर लावला. पांढरी गाडी, नंबर स्वच्छ, आणि खिडकीतून निरोप घेणारा व्याह्यांचा जाडजूड हात, बोटातल्या अंगठीसकट. "उद्या शेट आले की सरळ पोलीस ठाण्यात," हरेश म्हणाला.

संध्याकाळी भामा घरी आली तेव्हा महादेव ओट्यावर बसून उद्याच्या पाहुण्यांसाठी सुकट निवडत होता. तिने बूट काढले आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. महादेवचा हात सुपातच थांबला.

"तू पैसं मागायचंस ना गं."

"कुणी? मालकीणबायनी?"

त्याने सूप बाजूला सरकवलं. मग पुटपुटला, "मी खोटं नाय बोल्लू. त्यानं इचारलं, मी बोल्लू समजा."

"समजा बोल्लात, त्यांनी समजलं! टाकी भरस्तवर समजलं!" भामाचा आवाज चिरकला. "आता उद्या त्यो बायकांना घेऊन पंपावर येल, आन काचंवर त्याचाच हात टाटा करतोय! पोरीचं लगीन मोडलं तं मी काय करू सांगा. आन कामावरून काढतील ती येगळीच गोष्ट."

दिपिका दारात येऊन उभी होती. ती पनवेलला एका औषधांच्या दुकानात कामाला होती आणि बोलायची शहरासारखं. "आई, देवेशला माहितीय," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी सांगितलं मी. माझी आई पंपावर नोकरी करते, बाबा झाडांना पाणी घालतात."

"मंग त्यानं काकाला नाय सांगितलं?"

"काका जाईल तिथे सांगत सुटले होते, व्याह्यांचा पंप आहे म्हणून. इतके खुशीत होते, की त्याची हिंमतच झाली नाही."

सुपातली सुकट मांजराने ओढली तरी कुणाचं लक्ष नव्हतं.

"काका बरा माणूस हाय ना?" महादेवने विचारलं.

"बरे आहेत हो. पण चारचौघांत हसं झालेलं त्यांना चालत नाही. त्याचीच भीती वाटते." दिपिकेचे डोळे भरले होते. पण बापाला ओरडावं असं तिला काही केल्या वाटेना, कारण तो सुपाकडे बघत असा बसला होता, की त्याला जवळ घ्यावंसं वाटावं.

रविवारी सकाळी महादेवने दसऱ्याचे पांढरे कपडे घातले, डब्यातले पैसे खिशात कोंबले आणि भामाबरोबर चालत पंपावर आला. निसीमशेट बदामाखाली कोरा चहा पीत होते. महादेव त्यांच्यापुढे उकिडवा बसला आणि खाली बघत सगळं सांगून टाकलं, पैसे बाहेर काढून त्यांच्या पायाशी ठेवले.

शेट आधी हसले. हसता हसता खोकला लागला, चहा सांडला. मग एकाएकी गंभीर झाले. "हे उचल. डिझेल तू नेलं नाहीस. मुलगा कसा आहे?"

"लई चांगला. लायटीची कामं करतो. पोरीनंच सांगितलं तवा मना कळलं, त्याला सगळं ठावं होतं. तरी लगीन करतोय."

"मग आज तू मालक," शेट म्हणाले. "माझं काय जातंय? तारीख निघू दे. एकदा लग्न लागलं की सावकाश सांग." ते उठले, गुडघे धरत ऑफिसकडे गेले, काचेवरचा फोटो सोलून काढला आणि घडी घालून खिशात टाकला.

"शेट, असं केलं तर उद्या सगळेच व्याही निघतील," हरेश म्हणाला.

"हरेशभाऊ," भामा पुढे झाली. "काल मी तुमाला ओळखत नाय बोल्ले. ते खोटं होतं. काढायचं तं मना काढा, पण दुपारपावत थांबा."

हरेशने शेटकडे पाहिलं. शेट बदामाच्या पानांकडे बघत होते. हरेशने मान खाजवली. "झिरो दाखवला होतात ना?"

"दाखवला होता."

"मग जा मशीनवर. रांग लागलीय."

शेटनी महादेवला ओढून वेताच्या खुर्चीत बसवलं. महादेव खुर्चीच्या अगदी कडेला टेकला, दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखा. शेट स्वतः गाड्यांच्या काचा पुसायच्या बादलीशेजारी उभे राहिले. अंगात नेहमीचा विटका बुशशर्ट. त्यांच्याकडे पाहून मालक कोण हे कुणीही ओळखलं नसतं, आणि रोजही ओळखत नसत.

अकरा वाजता पांढरी गाडी आली. गाडी देवेश चालवत होता. महादेवला खुर्चीत पाहिलं मात्र, त्याने मान खाली घातली. मागे काकी आणि दोन आत्या. काशिराम उतरला आणि दोन्ही हात पसरून म्हणाला, "बघा! ह्यो आपल्या व्याह्यांचा पंप!"

बायकांनी पंप पाहिला. महादेव अर्धवट उठला, अर्धवट बसला.

"नाय नाय, तुमी बसा शेट," काशिराम म्हणाला. मग त्याची नजर बादलीकडे गेली. "ओ बाबा! पुढची काच जरा पुसा. धूळ बघा केवढी. मालकांचं पाव्हणं हाव आमी."

"हो साहेब," निसीमशेट म्हणाले.

ते बादलीपाशी वाकले. वाकताना त्यांचा एक हात गुडघ्यावर होता. फडकं पिळलं, पण नीट पिळलं गेलं नाही, पाणी चपलेवर गळलं. ते गाडीजवळ गेले आणि टाचा उंच करून हात वर नेला. गाडी उंच होती. हात काचेच्या मध्यापर्यंतही पोचेना. भामा मशीनवरून बघत होती. तिच्या हातातल्या नोझलमधून समोरच्या टेम्पोत डिझेल चाललं होतं आणि तिला आकडा दिसेनासा झाला होता.

महादेव खुर्चीतून उठला. चार ढांगांत तो गाडीपाशी पोचला.

"सोडा शेट."

"अरे महादू, बस तू," शेट हळूच म्हणाले.

"सोडा बोल्लू ना." त्याने फडकं जवळजवळ हिसकावूनच घेतलं आणि काच पुसायला लागला. काशिरामकडे बघण्याची छाती नव्हती, म्हणून तो काचेशीच बोलला. "ह्ये मालक हायत. निसीमशेट. मी मालक नाय. जागा माज्या बापाची होती, ती इकली, पैसं घेतलं, खाल्लं. मी झाडांना पाणी घालतो. माजी बायको हितं नोकरी करते. आपलाच समजा बोल्लू, ती माजी हाव नडली. पोरीचा काय गुन्हा नाय. तिनं तुमच्या पोराला सगळं खरं सांगितलेलं हाय."

काच केव्हाच स्वच्छ झाली होती. तो पुसतच राहिला. काचेपलीकडे देवेश बसला होता. त्याने आतून हात जोडले.

काशिरामचं तोंड उघडंच होतं. आधी तो लाल झाला, मग काळवंडला. मागच्या सीटवरच्या आत्याने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, तर काकीने तिची मांडी दाबली.

"म्हंजे," काशिराम शेवटी म्हणाला, आणि त्याचा मोठा आवाज कुठे गेला कुणास ठाऊक, "काल मी डिझेल चोरून नेलं?"

"नाही हो," निसीमशेट म्हणाले. "विसरलात. घाईत होतात."

त्यांच्या वरच्या खिशातून फोटोच्या घडीचं टोक बाहेर आलं होतं. त्यांनी ते बोटाने आत ढकललं.

"आन मी तुमाला काच पुसाया लावली."

"पुसली कुठे? हात पोचला नाही."

काकी फसकन हसली आणि लगेच पदर तोंडाला लावला. काशिराम हसला नाही. तो महादेवसमोर जाऊन उभा राहिला. भामाने टेम्पोवाल्याचे पैसे न मोजताच मुठीत धरले होते.

"आन त्यो नारळ? मी माज्या डोळ्यांनी बघितला दसऱ्याला. ती पन बनवाबनवी?"

"नारळ तोच फोडतो," निसीमशेट मध्येच म्हणाले, आणि या वेळी त्यांचा आवाज खणखणीत होता. "त्याचा बाप फोडायचा, आता तो फोडतो. मी मालक असून मला तो नारळ फोडता येत नाही. उद्या माझा ओरेन परत आला, तरी त्यालाही नाही."

काशिरामने खाली पाहिलं. डांबरावर डिझेलचे जुने डाग होते. मग त्याने महादेवच्या हातातलं ओलं फडकं घेतलं, बादलीत टाकलं आणि म्हणाला, "चूक माजी पन हाय. टाकी भरली आन पैसं किती ते इचारलं नाय. मनावर नका घेऊ व्याही."

व्याही. महादेवने तो शब्द ऐकला आणि पांढऱ्या शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. शर्टावर काळा डाग पडला.

काशिरामने कालचे पैसे काढून शेटच्या हातात दिले. शेटनी ते न मोजता हरेशकडे सरकवले. मग काशिराम देवेशला म्हणाला, "गाडी मशीनला लाव."

"काका, टाकी भरलेली आहे."

"दोनशेचं जाईल. लाव बोल्लू ना."

गाडी भामाच्या मशीनसमोर आली. काशिराम चालत तिच्यापुढे आला. हातात दोनशेची नोट होती, दोन्ही हातांनी धरलेली, देवापुढे ठेवतात तशी. भामाने ती घेतली. नळी उचलली. सवयीचे शब्द बाहेर पडलेच.

"झिरो बघा, दादा."

काशिरामने खिशातून चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, नाकावर चढवला. कमरेत वाकून, तोंड मशीनच्या काचेपाशी नेऊन त्याने आकडे एकेक करून पाहिले.

"बघितला, विहीणबाय," तो म्हणाला. "आता सोडा."